जुन्या वाड्यातली किरायाची खोली : आधी काय पाहावं, काय लिहून घ्यावं

आज बचतीचं नाही, खोलीचं बोलू. पण शेवटी बचतीवरच येऊ, कारण खोलीचं डिपॉझिट बहुतेक वेळा आपल्या गटाच्या पेटीतूनच जातं.

कोंढ्यातल्या आमच्या एका गटाची बैठक होती. एका ताईनं १५,००० रुपयांचं कर्ज मागितलं. पोरीला नागपुरात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. होस्टेलच्या यादीत नाव लागलं नाही. ओळखीतल्या एकानं महाल भागात जुन्या वाड्यात एक खोली सांगितली. किराया ३,००० रुपये, डिपॉझिट १५,००० रुपये. सगळ्या बायांना आनंद झाला. ठराव लिहायला मी पेन काढला आणि सहज विचारलं, "खोली पाहिली का?"

ताई म्हणाली, "फोटो आला ना मोबाइलवर. चांगली दिसते."

"घरमालक लिहून काय देणार?"

"जुना माणूस आहे म्हणे. जबानीवर चालते त्याच्या घरी."

मी पेन खाली ठेवला. ताईला राग आला. "पोरीची अॅडमिशन हातची जाईल बाई," असं ती म्हणाली. तिचा राग बरोबर होता. तरी मी पेन का ठेवला, ते आधी सांगते.

माझी गोष्ट

२०१० सालची गोष्ट. माझं बी.ए. झालं होतं आणि स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी मी नागपूरला गेले. अशाच एका जुन्या वाड्यात खोली घेतली. आईनं तिच्या गटातून ५,००० रुपये उचलून डिपॉझिट दिलं. पावती मागायची आम्हाला लाज वाटली. एवढा मोठा वाडा, एवढा मोठा माणूस, त्याला पावती कशी मागायची?

श्रावणात झडी लागली. तीन दिवसांनी खोलीच्या भिंतीचा पोपडा माझ्या अंथरुणावर पडला. रात्री मी अभ्यासाला मैत्रिणीकडे गेले होते म्हणून वाचले. दुसऱ्याच दिवशी खोली सोडली आणि डिपॉझिट मागितलं. घरमालक म्हणाले, "कोणतं डिपॉझिट?" माझ्याजवळ दाखवायला कागदाचा तुकडा नव्हता. ते ५,००० रुपये आईनं लोकांच्या बांधीत रोवणी करून व्याजासकट फेडले. मला ती एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून मी ताईला म्हटलं, "ठराव लिहू, नक्की लिहू. पण आधी आपण तिघी जाऊन खोली पाहू."

वाड्यातली खोली स्वस्त का असते

नागपूर शहर गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं वसवलं. पुढं अठराव्या शतकात रघूजी भोसले यांनी तिथं राजधानी केली. भोसल्यांच्या राजवाड्यांभोवतीची वस्ती म्हणजे आजचं महाल. राज्य होतं तेव्हा सरदार, कारभारी, चिटणीस, सावकार यांनी तिथं वाडे बांधले. १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. पुढं घरं वाटली गेली आणि खोल्या किरायानं दिल्या जाऊ लागल्या. पुण्याच्या पेठांमध्येही हेच झालं. मोठी माणसं गेली, वाडे राहिले आणि एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड आलं.

वाडा म्हणजे विटा, माती, चुना आणि सागवान. जाड भिंती, मधे चौक, चौकात विहीर, वर लाकडी माडी, माथ्यावर कवेलू. नागपूरच्या उन्हाळ्यात जाड भिंतीची खोली सिमेंटच्या खोलीपेक्षा थंड राहते. कॉलेज जवळ, बाजार जवळ, शेजारपाजार भरलेला. एकट्या पोरीसाठी हे सगळं चांगलंच आहे. म्हणून वाडा म्हटला की नाक मुरडू नका.

पण लाकूड आणि माती यांना दरवर्षी हात लावावा लागतो, हे आपल्याला सांगायला नको. आपण उन्हाळ्यात कवेलू फेरतो, भिंती सारवतो. ज्या वाड्याला वारस दहा आणि फेरणारा कोणी नाही, तो वाडा आतून पोकळ होत जातो. किराया कमी का, याचं उत्तर तिथं असतं.

खोली कशी पाहायची

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, दहा पावलं चालवून पाहतो. नुसत्या शिंगाच्या रंगावर पैसे देत नाही. खोलीचंही तसंच आहे. नवीन चुना मारलेली भिंत म्हणजे रंगवलेली शिंगं.

पहिली गोष्ट, दिवसा जा. जमलं तर पावसाळ्यात जा. भिंतीच्या खालच्या हातभर भागाला तळहात लावून पाहा. ओल असेल तर हात सांगतो. पोपडा सुटला असेल तर बोटाच्या टिचकीनं पोकळ आवाज येतो.

दुसरी गोष्ट, वर पाहा. छताचे मयाल भिंतीत जिथं घुसतात, तिथं लाकूड सडतं. तिथं काळे डाग, लाकडाचा भुसा किंवा उधईची मातीची रेघ दिसते का? मयाल मधे वाकला आहे का? त्याला खालून लोखंडी खांबाचा टेकू दिला आहे का? टेकू म्हणजे काम झालं असं नाही. टेकू म्हणजे काम बाकी आहे.

तिसरी गोष्ट, भेगा. केसासारखी बारीक भेग बहुतेक वेळा गिलाव्याची असते. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली, बोटाचं टोक जाईल एवढी भेग भिंत सरकल्याची असते. अशी खोली घ्यायचीच नाही.

चौथी गोष्ट, वायर. जुन्या वाड्यात लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी असतात. बटणाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, स्विचबोर्ड काळा पडला आहे का, ते पाहा. नागपुरात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. त्या वायरीवर कूलर चालेल का, ते घरमालकाला तिथंच विचारा. लाकडी माडीवर हीटरची शेगडी नको. हिवाळ्यात दार लावून कोळशाची शेगडी तर मुळीच नको, त्या धुरानं झोपेत जीव जातो.

पाचवी गोष्ट, जिना. वर जायला एकच लाकडी जिना असेल तर आग लागल्यावर खाली कसं यायचं, हा प्रश्न विचारा. जिन्याखाली रद्दी, लाकडं, सिलिंडर भरून ठेवले असतील तर ती खोली सोडा.

सहावी गोष्ट पुरुषमाणसं विचारत नाहीत, म्हणून आपण विचारायची. संडास आणि न्हाणी कुठं आहे? किती बिऱ्हाडांत एक आहे? आतून कडी लागते का? रात्री तिथपर्यंत जायच्या वाटेवर दिवा आहे का? पोरीला एकदा रात्री आठनंतर त्या गल्लीतून चालवून पाहा, सोबत आपण असताना.

आणि सातवी, शेजारणीला विचारा. "इथं पाणी किती वेळ येते? पावसात गळते का? आधीची किरायदार का गेली?" घरमालक जे सांगत नाही ते शेजारीण चहा पिता पिता सांगते.

धोक्याच्या वाड्याची नोटीस

मोडकळीला आलेल्या इमारतींना महानगरपालिका नोटीस देते. अशा इमारतींचे प्रकार केलेले आहेत. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती करता येईल. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची जाणकार इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं कायद्यानं मालकावर बंधनकारक आहे. घरमालकाला सरळ विचारा, "काकाजी, महापालिकेची नोटीस आली का? तपासणीचा कागद आहे का?" पटलं नाही तर महापालिकेच्या झोन कार्यालयात जाऊन वाड्याचा पत्ता सांगा आणि चौकशी करा. पावसाळ्याच्या आधी अशा इमारतींच्या याद्या निघतात.

वाडा नक्की कोणाचा

आपल्याकडं शेताचा सातबारा असतो, तशी शहरातल्या जागेची आखीव पत्रिका असते. जुन्या वाड्याच्या आखीव पत्रिकेवर कधी कधी आजोबांचंच नाव असतं आणि वारस पाच-सात असतात. एक भाऊ डिपॉझिट घेतो, दुसरा येऊन म्हणतो, "तुम्हाला ठेवलं कोणी?" म्हणून आखीव पत्रिका, मालमत्ता कराची पावती आणि विजेचं बिल, या तिन्हींवर कोणाचं नाव आहे ते पाहा. नाव दुसऱ्याचं असेल तर त्याचं संमतीपत्र किंवा मुखत्यारपत्र मागा. वाड्याचा दावा कोर्टात चालू आहे का, वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं आहे का, हेही विचारा. वर्षाच्या मधे पोरीला खोली सोडावी लागली तर परीक्षेचं नुकसान कोणी भरून देत नाही.

कागद : सगळ्यात महत्त्वाचं

पूर्वी किरायाचे कायदे राज्यात तीन ठिकाणी तीन होते. मुंबईकडं १९४७ चा, आपल्या विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा. ते सगळे मिळून एक झाले. तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

या कायद्याचं कलम ५५ प्रत्येक बाईनं पाठ करावं असं आहे. ते म्हणतं, जागा भाड्यानं द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर द्या, करार लेखीच पाहिजे आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्यानं केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि लेखी नोंदणी नसेल तर अटींबद्दल किरायदार जे सांगेल ते खरं धरलं जाईल, घरमालकानं उलट सिद्ध करेपर्यंत.

हे मला २०१० साली माहीत असतं तर मी वाड्याच्या पायरीवरून रडत उतरले नसते.

लोक म्हणतात, "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?" हा समज देशाच्या नोंदणी कायद्यावरून आला. त्या कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते. पण आपल्या राज्यात कलम ५५ आहे. अकरा महिने असो की पाच, नोंदणी पाहिजेच. नुसता स्टॅम्पपेपर आणून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली, असं नाही.

खर्च किती? लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. समजा किराया ३,५०० रुपये आणि मुदत ११ महिने. एकूण किराया झाला ३८,५०० रुपये. डिपॉझिट ७,००० रुपये असेल तर त्याचं वर्षाला दहा टक्क्यांनी व्याज धरतात, ते ७०० रुपयांच्या आत. दोन्ही मिळून ३९,२०० रुपये धरा. त्याचा पाव टक्का म्हणजे ९८ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. कागद तयार करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. हा खर्च कोणी करायचा किंवा निम्मा-निम्मा करायचा, ते आधी ठरवा. नोंदणी ऑनलाइन होते. आधार कार्ड, फोटो, अंगठा आणि साक्षीदार लागतात. पोरगी अठरा वर्षांची नसेल तर करार आई किंवा वडिलांच्या नावानं होतो.

एक फरक समजून घ्या. लिव्ह अँड लायसन्समध्ये आपण भाडेकरू नसतो, ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी मिळालेले लोक असतो. भाडेकरूचं पाणी किंवा वीज घरमालकाला उगाच तोडता येत नाही, असं कलम २९ सांगतं. पण परवानगीवर राहणाऱ्याचा खरा आधार म्हणजे करारात लिहिलेली ओळ. आणि मुदत संपल्यावर खोली सोडली नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट रक्कम भरावी लागू शकते. म्हणून मुदत संपायच्या महिनाभर आधी नवीन करार करा, नाहीतर वेळेवर खोली सोडा.

करारात एवढ्या गोष्टी आहेत का, ते बोट ठेवून पाहा :

१. किराया किती, कोणत्या तारखेला, कसा द्यायचा.
२. डिपॉझिट किती आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत.
३. विजेचा वेगळा मीटर आहे की सबमीटर, आणि युनिटचा दर काय.
४. पाणी, संडास, न्हाणी वापरायचा हक्क.
५. गळती, मोडतोड झाली तर दुरुस्ती कोणी आणि किती दिवसांत करायची.
६. खोली राहण्यालायक राहिली नाही किंवा महापालिकेनं रिकामी करायला सांगितलं, तर उरलेला किराया माफ आणि डिपॉझिट लगेच परत.
७. मधेच सोडायची असेल तर किती दिवसांची सूचना.
८. आई किंवा बहीण भेटायला आली तर मुक्कामाला राहता येईल.

सहावी ओळ वाड्यासाठी मुद्दाम सांगितली. ती सिमेंटच्या फ्लॅटला फारशी लागत नाही, वाड्याला लागते.

पैसे बँकेतून किंवा फोनवरून द्या, म्हणजे नोंद राहते. रोख दिले तर पावती घ्या. पावती देणं घरमालकाला कायद्यानं बंधनकारक आहे. ती मागणं म्हणजे अविश्वास नाही, आपण गटात दहा रुपयांचीही नोंद करतोच ना? खोलीत सामान ठेवायच्या आधी भिंती, छत, दार, नळ यांचे मोबाइलवर फोटो काढा आणि घरमालकालाही पाठवा. सोडताना "ही भेग तुम्हीच पाडली" असं ऐकावं लागत नाही.

किती डिपॉझिट द्यावं

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना काढला. त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचा किराया डिपॉझिट म्हणून सांगितला आहे. राज्यानं तसा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, पण बोलणी करताना माप म्हणून तो कामाचा आहे. ३,००० किराया आणि १५,००० डिपॉझिट म्हणजे पाच महिन्यांचं झालं.

आणि होस्टेल मिळालं नाही म्हणजे सगळे रस्ते बंद, असं नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी समाजकल्याण विभागाची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृह न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणाचा खर्च त्यातून खात्यावर मिळतो. अटी आणि तारखा त्या त्या कार्यालयात विचारा. आपण किरायानं राहतो याचा पुरावा तिथं मागतात. नोंदणी झालेला करार हातात असेल तर पुरावा तयारच असतो. जबानी खोलीचा पुरावा कुठून आणणार?

मग काय झालं

ताई, तिची पोरगी आणि मी, तिघी पवनीहून भिवापूर-उमरेड मार्गे नागपूरला गेलो. फोटोतली खोली पाहिली. नवीन निळा रंग होता. पण पोरीनंच वर बोट दाखवलं. मयालाच्या टोकाला उधईची रेघ होती आणि खाली लोखंडी टेकू. कराराचं विचारल्यावर घरमालक म्हणाले, "कागद पाहिजे तर दुसरी खोली पाहा."

आम्ही दुसरी पाहिली. दोन दिवस लागले. त्याच भागात दुसऱ्या एका वाड्यात तळमजल्याची खोली मिळाली. भिंत कोरडी, वायर नवीन, न्हाणीला आतून कडी. घरमालकीण आजीबाई सत्तरीच्या. करार म्हटल्यावर त्यांनी नातवाला हाक मारली. किराया ३,५००, डिपॉझिट ७,०००. ताई कुरकुरली, "पाचशे जास्त जातात महिन्याला." आम्ही तिथंच ओट्यावर हिशेब केला. अकरा महिन्यांत ५,५०० जास्त जातात, हे खरं. पण कर्ज १५,००० ऐवजी ७,००० चं लागतं. दोन टक्के महिन्यानं पहिल्या महिन्याचं व्याज ३०० ऐवजी १४०. आणि ते ७,००० परत येणार, याचा कागद हातात.

पुढच्या बैठकीत ठराव झाला. त्यासोबत गटानं एक नियमही केला. खोलीच्या डिपॉझिटसाठी कर्ज पाहिजे असेल तर गटातली एक बाई सोबत जाऊन खोली पाहील आणि कराराची प्रत गटाच्या फाइलला लागेल. कोणावर अविश्वास म्हणून नाही. मागायची लाज एकीला वाटते, दोघींना वाटत नाही, म्हणून.

तरी कुठं फसवणूक झालीच, तर गप्प बसू नका. बाईला उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. त्यांचा फोन १५१००. पोरीच्या फोनमध्ये ११२ आणि महिला हेल्पलाइन १८१ हे नंबर आजच भरून द्या.

त्या बैठकीत पोरीनं सगळा करार मोठ्यानं वाचून दाखवला. माझी आई मागं बसली होती. सहावी ओळ आली तेव्हा ती म्हणाली, "हे पुन्हा वाच गं." पोरीनं पुन्हा वाचलं. तुमच्याही गटात असा कागद आला तर असाच मोठ्यानं वाचा, आणि समजला नाही तर पुन्हा वाचायला सांगा.